नोज टॅकलचं काम नेमकं बघायचं कसं?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही ओहायोत राहतो. मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या फुटबॉल टीममध्ये (अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळायचा नव्हे) नोज टॅकल खेळतो. म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत अगदी मधोमध, समोरच्या सेंटरच्या (चेंडू मागे सोडून खेळ सुरू करणारा) नाकासमोर. वजन ११३ किलो. दर शुक्रवारी रात्री मी, नवरा आणि सासूबाई शाली गुंडाळून पत्र्याच्या बाकांवर बसतो.

गेल्या शुक्रवारी आम्ही १४-१० ने जिंकलो. सगळे खूश, हा मात्र मागच्या सीटवर गप्प. घरी आल्यावर फोन माझ्यापुढे धरला. टीमच्या आकड्यांचा तक्ता होता. याच्यापुढे टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणं) १, सॅक (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकायच्या आतच पाडणं) ०. याच्या पाठीमागे उभा राहणारा लाइनबॅकर, तो याचा जिवलग मित्र, त्याच्यापुढे टॅकल १४. "आई, मी अख्खी मॅच खेळलो गं," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला. दोन बोटं एकमेकांना टेपने बांधलेली होती. टेप ओढली की कातडी सोबत येत होती. कोमट पाण्यात पाच मिनिटं हात धरून ठेवला तेव्हा कुठे सुटली.

कोच म्हणतात, मॅच त्यानेच जिंकून दिली. मला ते मानायचंय, पण दिसत नाही. मी चेंडूकडे बघते आणि चेंडू त्याच्यापाशी नसतोच. तर जाणकारांनो, मी शुक्रवारी नक्की काय बघू?

बॉस्टनकर

ताई, आधी मुलाला शाबासकी सांगा. सविस्तर रात्री लिहितो, पण एक नाव आत्ताच देऊन ठेवतो: विन्स विल्फोर्क, आमच्या पेट्रियट्स टीमचा नोज टॅकल. १३ सीझन खेळला, नावावर सॅक फक्त १६. तरी आमच्याकडे त्याचं नाव काढलं की माणसं उठून उभी राहतात.

तिसरी_फळी

मी न्यू जर्सीत शाळेच्या टीमला मदतनीस म्हणून शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. जरा लांबेल.

हल्ला करणाऱ्या टीमच्या फळीत पाच जण असतात. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल (इथे हे जागेचं नाव). दोन माणसांमधल्या फटीला गॅप म्हणतात. सेंटर आणि गार्डमधली ती ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी गॅप. पळणाऱ्या गड्यासाठी सगळ्यात जवळचा रस्ता ए गॅपमधून जातो. तुमचा मुलगा त्या रस्त्याच्या तोंडाशी उभा असतो.

चेंडू सुटला की सेंटर आणि गार्ड दोघे मिळून त्याच्यावर येतात. याला डबल टीम म्हणायचं. पण त्या दोघांचा खरा डाव वेगळा असतो. दोघांनी मिळून त्याला मागे ढकलायचं, तो हलला की एकाने त्याला सोडून पुढे जायचं आणि मागच्या लाइनबॅकरला जाऊन धडकायचं. एका दगडात दोन पक्षी. तुमच्या मुलाने जागा सोडली नाही तर त्या दोघांपैकी कोणालाच निघता येत नाही. दीड-दोन सेकंद दोघांना अडकवून धरलं की मागे लाइनबॅकर मोकळा. समोर कोणी नाही, अंगाला कोणाचा हात नाही. तो धावत येतो आणि टॅकल करतो. तक्त्यात त्याचं नाव.

त्या मित्राचे १४ टॅकल आहेत ना? त्यातल्या किती वेळा कोणीच त्याला आडवं आलं नाही, ते बघा. शुक्रवारी स्नॅपच्या (सेंटरने चेंडू सोडायच्या) वेळी चेंडू सोडून द्या आणि सेंटरच्या पाठीकडे नजर ठेवा. मुलावर दोन माणसांचे हात पडले की एक रेघ ओढा. आणि प्ले संपल्यावर तो जिथून निघाला तिथेच आहे की तीन यार्ड मागे, ते बघा. तिथेच असेल तर त्याने काम केलं. मैदानावर पालथा पडलेला असला तरीही.

आकडेमोड

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. शाळेत पळण्याचाच खेळ जास्त, तिथे हे सगळं मान्य. पण एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आज पास, म्हणजे चेंडू फेकण्याचा खेळ, जास्त चालतो. बचाव करणारे बहुतेक वेळा पाच-सहा जण मागे पास अडवायला ठेवतात, आणि निव्वळ जागा धरणारा अवजड नोज टॅकल बऱ्याच प्लेजना बाकावरच बसलेला असतो. निम्मा खेळ जो मैदानावर नाही, त्याला किती महत्त्व द्यायचं? पैसाही बहुतेक फळीच्या काठावरून क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यांना मिळतो. टीमांचे मालक काही भावनेवर पैसे वाटत नाहीत.

मिनेसोटा_मावळा

@आकडेमोड, २००६, २००७ आणि २००८ ही तिन्ही वर्षं पळणाऱ्यांना सगळ्यात कमी यार्ड देणारी टीम कोणती? आमची व्हायकिंग्ज. मधे पॅट विल्यम्स आणि केव्हिन विल्यम्स. आडनाव एक, पण भाऊ नव्हेत. लोक त्यांना विल्यम्स वॉल म्हणायचे. मी त्या काळात इथे नवीन होतो. डोममध्ये वरच्या कोपऱ्यातली स्वस्तातली तिकिटं काढायचो. तिथून चेंडू नीट दिसायचा नाही, पण ही दोन माणसं जिथे उभी असायची तिथे समोरची फळी कशी वाकायची ते बरोबर दिसायचं. वरून बघितलं की पाण्यातल्या दोन दगडांसारखं, प्रवाह दोन्हीकडून वळायचा.

आकडेमोड

त्या तीन वर्षांत सुपर बोल (लीगची फायनल) किती जिंकले?

मिनेसोटा_मावळा

जखमेवर मीठ चोळू नका हो. :)

स्टीलसिटी_काका

मी १९७१ पासून पिट्सबर्गला आहे. वय झालं, टायपिंग हळू, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९६९ साली स्टीलर्सनी डिफेन्सिव्ह टॅकल जो ग्रीनला ड्राफ्टच्या (टीमांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या) पहिल्या फेरीत घेतलं तेव्हा इथल्या लोकांना तो कोण हेच माहीत नव्हतं. १९७४ च्या सीझनमध्ये त्याने एक नवीन प्रकार केला. सरळ समोर उभं राहण्याऐवजी सेंटर आणि गार्डच्या मधल्या फटीत तिरका उभा राहायचा, जणू खांदा दारात घालून. आता त्याला कोण अडवणार? सेंटर अडवायला गेला तर गार्डच्या वाटेत येतो, गार्ड गेला तर सेंटरच्या. दोघे एकमेकांत अडकायचे आणि मागे जॅक लॅम्बर्ट, तो पहिल्याच वर्षाचा पोरगा, मोकळा हिंडायचा.

१२ जानेवारी १९७५ ला न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल झाला, याच मिनेसोटाविरुद्ध. (माफ करा मावळे.) व्हायकिंग्जना अख्ख्या मॅचमध्ये पळून किती यार्ड मिळाले? १७. आम्ही पाच मराठी मुलं एका खोलीत, उसन्या टीव्हीवर बघत होतो. नियम निम्मे कळत नव्हते. पण मधला तो काळा-सोनेरी ७५ नंबर दर वेळी दोन माणसांखाली असायचा हे तेव्हाही लक्षात आलं होतं. स्टीलर्स १६-६ ने जिंकले. ग्रीनला त्या काळात दोनदा, १९७२ आणि १९७४ साली, वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरवलं. सॅक तेव्हा अधिकृत मोजतच नसत, ते १९८२ पासून सुरू झालं. तेव्हा बघणारे लोक माणसाकडे बघत होते.

इंद्रायणी, तुझ्या मुलाला सांग, पिट्सबर्गच्या आजोबांनी आशीर्वाद दिलाय.

इंद्रायणीकाठ

काका, तुमचा प्रतिसाद त्याला मोठ्याने वाचून दाखवला. मराठी पुरतं कळत नाही त्याला, पण "१७" ऐकल्यावर जेवण थांबवून वर बघितलं. लगेच जुनी मॅच शोधायला बसला.

तांबडा_पांढरा

कोल्हापूरहून बोलतोय. हा खेळ मी फक्त फोनवर तुकड्या-तुकड्यांनी बघितलाय, पण एक गोष्ट लगेच ओळखीची वाटली. लाल मातीत वस्ताद पहिल्या दिवसापासून ओरडतात, "खाली हो, खाली हो." कंबर ज्याची खाली, त्याचा जोर वर लागतो. समोरच्याच्या छातीखाली शिरलं की त्याचं वजन त्यालाच नडतं. हे मधले गडी तेच करताना दिसतात. उंच उभा राहिला की उखडला गेला.

तिसरी_फळी

@तांबडा_पांढरा, अगदी! आमच्याकडे सरावात लाकडी चौकट असते, चार फुटांवर आडवा दांडा. मुलांनी त्याखालून धावत सुटायचं, डोकं लागलं की परत. ए गॅपमध्ये जो खाली तोच जिंकतो. ॲरॉन डॉनल्डची उंची सहा फूट एक इंच आणि वजन जेमतेम १२७ किलो. या जागेसाठी लहानखोर म्हणत होते त्याला, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये १२ टीमांनी सोडला, रॅम्सनी तेराव्या नंबरवर घेतला.

वैनगंगा

पण कुस्तीशी तुलना एका मर्यादेपर्यंतच. कुस्तीत एकावर एकच असतो. दोन पैलवान एकदम अंगावर आले तर पंच कुस्ती थांबवतील. इथे दोघांनी एकावर येणं हाच नियम आहे, ही याची गंमत आहे आणि हालही.

सांधेजोड

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. विषय थोडा अवांतर, पण आईला उपयोगी पडेल.

दोन माणसं दोन बाजूंनी ढकलतात तेव्हा सगळा भार गुडघा, घोटा आणि बोटांवर येतो. एक माणूस वर धरून ठेवतो आणि दुसरा गुडघ्याखाली येऊन पाडतो, असा एक प्रकार होता, चॉप ब्लॉक. एनएफएलने २०१६ पासून तो पूर्ण बंद केला, आणि ते फार बरं केलं. मुलाला रोज घोट्याच्या आणि मांडीच्या ताकदीचे व्यायाम करू द्या. वजन वाढवायच्या मागे लागू नका, कोच सांगत असले तरी. या जागेवर खेळणाऱ्या मुलांचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी तपासून घ्या.

आणि ती टेप! ओढू नका. खोबरेल तेल कडेने सोडा, दहा मिनिटं थांबा, आपोआप सुटते.

आज्जीचा_बटवा

खोबरेल तेलाला +१. आणि ११३ किलोच्या लेकराला एका वेळी किती पोळ्या लागतात ते कळवा, आम्ही इथून लाटायला बसतो.

इंद्रायणीकाठ

@आज्जीचा_बटवा, मॅचच्या दिवशी नऊ. :) तेल आजच करून बघते. रक्तदाबाचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार.

बॉस्टनकर

आलो. @आकडेमोड यांच्या मुद्द्याला उत्तर द्यायचंय.

पास जास्त झाले म्हणून मधल्या माणसाचं महत्त्व कमी झालं, हे मला पटत नाही. काठावरून कोणी धावत आला तर क्वार्टरबॅक काय करतो? एक पाऊल पुढे सरकतो, धावणारा मागून निघून जातो. पण मधूनच कोणी आलं तर पुढे सरकायला जागाच उरत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर हात येतात, पाय मागे पडतात, चेंडू वर जातो.

१३ फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल आठवा. ताईंच्या ओहायोची सिनसिनाटी बेंगल्स २०-२३ ने मागे, मिनिटभरापेक्षाही कमी वेळ. तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), एक यार्ड हवा. पळणाऱ्याला ॲरॉन डॉनल्डने एका हाताने धरून थांबवलं. चौथा डाउन, तोच एक यार्ड. आता पास. बेंगल्सचा पास झेलणारा जामार चेस बाजूने मोकळा सुटत होता. पण त्यांचा क्वार्टरबॅक बरो, त्याला तिकडे बघायला वेळच मिळाला नाही, डॉनल्डने मधून येऊन त्याला गरकन फिरवलं आणि चेंडू कुठेतरी पडला. मॅच संपली. सलग दोन प्ले, एक पळण्याचा आणि एक पासचा, माणूस एकच.

आकडेमोड

डॉनल्डबद्दल वाद नाहीच. २०१८ ला त्याने २०.५ सॅक केले, तीनदा सर्वोत्तम बचावपटू झाला, जगाने बघितलं. पण मग तो "न दिसणारा" कसा? तुम्ही दिसणाऱ्याचं उदाहरण देऊन न दिसणाऱ्याची बाजू मांडताय.

वैनगंगा

हा मुद्दा बिनतोड आहे. डॉनल्ड तिरका घुसणारा, एका गॅपचा माणूस. धाग्यातला मुलगा दोन गॅप सांभाळणारा. दोन्ही कामं वेगळी.

बॉस्टनकर

मान्य, उदाहरण बदलतो. ९ फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल, ईगल्स विरुद्ध चीफ्स, ईगल्स ४०-२२ ने जिंकले. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स, त्याला सहा वेळा पाडलं. त्या सहांपैकी ईगल्सच्या मधल्या जेलन कार्टरच्या नावावर किती? शून्य. आणि ईगल्सनी पुढच्या चौघांशिवाय जादा माणूस जवळपास पाठवलाच नाही. मी ती मॅच नंतर पुन्हा बघितली, फक्त कार्टरचा ९८ नंबर धरून. प्लेमागून प्ले त्याच्यावर दोन जण. मग बाकी तिघांसमोर एकेकच उरतो. जॉश स्वेटला अडीच सॅक, मिल्टन विल्यम्सला दोन. विल्यम्स महिन्याभरात आमच्या पेट्रियट्सकडे आला, चार वर्षांचे १० कोटी ४० लाख डॉलर. त्याने ते कमावलेच, मी एक पैसाही नाकारत नाही. पण त्या पैशांत कार्टरच्या खांद्यांचाही वाटा आहे, असं मला ती मॅच बघताना सारखं वाटत होतं.

आणि मालक भावनेवर पैसे वाटत नाहीत म्हणता, तर चीफ्सनी २०२४ मध्ये क्रिस जोन्सला पाच वर्षांचे सुमारे १५ कोटी ८७ लाख डॉलर देऊ केले. तोही मधलाच.

आकडेमोड

ती मॅच मी चेंडूमागेच बघितली होती. आज रात्री ९८ नंबर धरून बघतो आणि मग लिहितो.

चेसापीक_चिंच

बाल्टिमोरचं कोणीच कसं लिहिलं नाही? २००० सालची रेव्हन्स! १६ मॅचमध्ये फक्त १६५ गुण दिले. पळून फक्त ९७० यार्ड. सगळं जग रे लुइसचं नाव घेतं, आणि घ्यावंच, तो सुपर बोलचा मानकरी होता. पण त्याच्या पुढे सॅम अ‍ॅडम्स आणि टोनी सिरागुसा हे दोन डोंगर उभे होते. सिरागुसाला १९९० साली ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं. तो २०२२ मध्ये गेला तेव्हा आमच्या ऑफिसात ज्यांचा फुटबॉलशी संबंध नाही तेही हळहळले.

जुन्या मॅच बघा. लुइस धावत येतो तेव्हा त्याच्या जर्सीला समोरच्या फळीतल्या कोणाचा हात क्वचितच लागलेला दिसतो. तेवढ्यासाठी पुढचे दोघे चौघांना अंगावर घेऊन बसलेले असायचे.

स्टीलसिटी_काका

आमचा केसी हॅम्प्टन राहिला. १२ सीझन, पाच वेळा प्रो बोल (वर्षातल्या निवडक खेळाडूंत निवड), दोन सुपर बोल, आणि सॅक अवघे नऊ. प्रो बोलच्या मतदानात खेळाडू आणि कोच यांचीही मतं असतात. समोर उभं राहून ज्यांनी त्याला ढकलून बघितलं, त्यांनी मत दिलं.

मिनेसोटा_मावळा

ताई, तुम्ही ओहायोत आहात तर कॅंटनला मुलाला घेऊन जाच. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम तिथे आहे. आमचा अ‍ॅलन पेज, डिफेन्सिव्ह टॅकल, कॅंटनमध्येच जन्मला. पोरसवदा असताना त्याच हॉलच्या बांधकामावर मजूर म्हणून राबला आणि १९८८ साली त्याच हॉलमध्ये त्याचा पुतळा बसला. १९७१ साली अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, बचावातला पहिलाच. पुढे वकिली केली आणि १९९३ पासून २०१५ पर्यंत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता. माझ्या मुलीला मी त्याची गोष्ट सांगतो तेव्हा न्यायालयापासून सुरुवात करतो.

आकडेमोड

बघितली. पहिल्या हाफमध्ये थांबवून थांबवून मोजली. कार्टरवर दोन जण येत होते आणि चीफ्सचा गार्ड दर वेळी आधी त्याच्याकडेच बघत होता, त्यामुळे बाजूच्याकडे पोहोचायला अर्धा सेकंद उशीर. त्या अर्ध्या सेकंदाचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. निव्वळ जागा धरणारा माणूस आज कमी प्लेजना लागतो, हे माझं मत कायम आहे. पण "निम्मा खेळ बाकावर" म्हणून त्याचं मोल निम्मं, हे मागे घेतो.

इंद्रायणीकाठ

मंडळी, शुक्रवार झाला. सांगायला आले.

हरलो. १७-२०. पाऊस होता, मैदानाचा चिखल झालेला.

मी वही घेऊन गेले होते, पण थंडीत हातमोजे घालून पेन धरता येईना. मग सासूबाईंनी पर्समधून जपमाळ काढली. म्हणाल्या, तू बघून सांग, मी मणी ओढते. मुलावर दोघे आले की मी "हां" म्हणायचं आणि त्यांनी एक मणी ओढायचा. पहिल्या पाच मिनिटांत मी तीनदा चेंडूकडे बघितलं आणि तीनदा बोलणी खाल्ली. मग जमलं. आणि एकदा दिसायला लागल्यावर दुसरं काही दिसेचना. सेंटर आणि गार्ड एकदम खाली वाकतात, हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज थेट बाकांपर्यंत येतो, आणि माझा मुलगा एक गुडघा चिखलात रोवून तिथेच. तिथेच असतो हो तो! मागून त्याचा मित्र सुटलेल्या बाणासारखा येतो.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांना चौथ्या डाउनला एक यार्ड हवा होता. तिघे आले त्याच्यावर. तो दिसेनासाच झाला. पळणाऱ्याला मधे वाट मिळेना, म्हणून तो बाजूला वळला आणि तिथे धरला गेला. ढीग उठला तेव्हा सगळ्यात खाली हा. चेहऱ्याच्या जाळीत गवत अडकलेलं.

एकूण ३१ मणी. तक्त्यात टॅकल २.

घरी आल्यावर खोबरेल तेलाने टेप सोडवली, अलगद निघाली. सासूबाईंनी त्याला ३१ सांगितले. तो म्हणाला, "आजी, २९." त्यातल्या दोन वेळा म्हणे सेंटरने फक्त हात लावला होता आणि तो दुसरीकडे गेला, ते धरायचं नाही. मग माझ्या वहीत गोल आणि फुल्या काढून कुठल्या प्लेला कोण कसं आलं ते आजीला समजावत बसला. रात्रीचे साडेबारा वाजले. नऊ पोळ्या गार झाल्या, परत गरम केल्या.

स्टीलसिटी_काका

ते वहीचं पान जपून ठेव. आणि पुढच्या शुक्रवारचा आकडा इथेच लिही, मी जागा असतो.

आकडेमोड

तक्ता मी बनवून देतो. रकाने त्यालाच ठरवू दे.